पद्मिनी हायवेवर का तापते : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटार हायवेवर वेगात का तापते, यावरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि दोन दिवस थांबून हे उत्तर लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : रेडिएटर (इंजिनाचे गरम पाणी निववणारी नळ्यांची जाळी) उघडायला सांगून मी लोकांना नाहक खर्चात पाडतो, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर त्याची वाट उघडणारी झडप) काढून इलेक्ट्रिक पंखा बसवला की काम भागते, इग्निशन टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेचा, लेखात उल्लेखही नाही, आणि एकूण लेख म्हणजे 'हातात कधी पाना न धरलेल्या माणसाचे पुस्तकी ज्ञान' आहे. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु हे शेवटचे वाक्य लिहिण्याआधी आपण समोरच्या माणसाची थोडी चौकशी करायला हवी होती.

टायमिंगचा मुद्दा मान्य आहे. ठिणगी उशिरा पडली तर जळण उशिरापर्यंत जळत राहते, जास्तीची उष्णता एक्झॉस्टच्या बाजूने इंजिनाच्या हेडमध्ये शिरते आणि गाडी वेगात तापते. हे लेखात यायला हवे होते; ते राहून गेले.

आता पान्याविषयी. आमची पद्मिनी १९८४ सालची, वडिलांनी नंबर लावून आणि वाट पाहून घेतलेली. तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनाचे टॅपेट सेट करताना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कसा धरायचा, हे मी शाळकरी वयात वडिलांच्या शेजारी उकिडवे बसून शिकलो. माझ्या उजव्या मनगटावर भाजल्याचा एक डाग आहे. गरम रेडिएटरचे झाकण घाईने फिरवल्याचा. ज्याला आपण पुस्तकी म्हणता, ते ज्ञान मला या मार्गाने मिळालेले आहे.

ज्या दोषाबद्दल मी लिहिले, तो माझ्याच गाडीत होता. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत अर्धा तास अडकले तरी तापमानाचा काटा जागचा हलत नसे. पण किवळ्याहून एक्स्प्रेस वेला लागून ताशी ८० चा वेग धरला की उर्सेचा टोलनाका येईपर्यंत तो चढू लागे आणि ६० वर उतरले की हळूहळू परत येई. पंखा दोषी असता तर याच्या नेमके उलट घडले असते, कारण पंख्याची गरज उभ्या किंवा रांगत्या गाडीला असते. ८० च्या वेगात समोरून येणारा वाराच त्याचे काम करतो. तरीही गाडी तापते, तेव्हा पाणी पुरेसे फिरत नाही किंवा फिरले तरी रेडिएटरमध्ये निवत नाही, या दोन गोष्टींकडे आधी पाहावे लागते.

एके दिवशी असाच काटा चढल्यावर इंजिन बंद करून, पंखा पूर्ण थांबल्यावर, मी रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. वरचा भाग चटका देत होता आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर पट्टा जेमतेम कोमट होता, म्हणजे तिथे पाणी पोहोचतच नव्हते. नाना पेठेतल्या कारागिराने वरची टाकी उतरवली, तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी पांढरट-तपकिरी क्षार घट्ट बसलेला दिसला. आम्ही वर्षानुवर्षे सोसायटीच्या बोअरचे पाणी ओतत आलो होतो, त्याचा तो परिणाम. नळ्यांतून सळई घालून त्याने कोअर (नळ्यांचा गाभा) मोकळा केला. नवा घ्यावा लागला नाही. मूळ लेखातही मी 'उघडून साफ करा' असेच लिहिले आहे, 'बदला' असे नाही. आपण ते वाक्य वाचले असते तर खर्चाचा आरोप उरला नसता.

त्यानंतरही ८० वर काटा थोडा चढायचाच. मग गाडी गरम असताना बोनेट उघडे ठेवून मुलाला ॲक्सिलरेटर दाबून धरायला सांगितले आणि मी रेडिएटरच्या खालच्या रबरी होज पाइपकडे पाहत राहिलो. इंजिनाचा आवाज चढला तसा तो पाइप मधोमध चपटा होत गेला आणि पाय काढताच पुन्हा गोल झाला. वॉटर पंप याच पाइपातून पाणी ओढतो. पाइप आतून तोलून धरणारी स्प्रिंग गंजून गेली की वेगात रबर आत खेचले जाते आणि पाण्याची वाट आवळते. गॅरेजमध्ये उभ्या गाडीचे इंजिन असे चढवून पाहिले नाही तर हा दोष कुणालाही दिसत नाही. स्प्रिंगसह नवा पाइप घातला; त्यानंतर तासभर ८० ने जाऊनही काटा हलला नाही. हे पुस्तकात लिहिलेले असेलही, मला ते बोनेटखाली वाकून कळले.

थर्मोस्टॅट काढण्याबद्दल फार लिहीत नाही. ८० अंशांच्या आसपास उघडणारी ती झडप अडकली असेल तर बदलावी; ती काढून टाकली तर पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी इंजिन कितीतरी वेळ थंडच चालते आणि पेट्रोल जास्त जाते. इलेक्ट्रिक पंख्याचे उत्तर वर आलेच आहे.

आपल्या गाडीला हाच त्रास असेल तर आधी जाळी हाताने चाचपून पाहा आणि खालच्या पाइपावर नजर ठेवा; त्यानंतर आपण मला पुन्हा लिहिलेत तर मी अवश्य वाचीन, मात्र माझ्या हाताविषयी न लिहिता गाडीविषयी लिहावे, ही विनंती. टायमिंगचा परिच्छेद मूळ लेखात आज जोडला आहे. रेडिएटरचा परिच्छेद आहे तसाच राहील.