झीज होऊ नये म्हणून

आमच्या घरात वस्तू वापरून झिजवायची पद्धत नाही. लग्नात आलेला डिनर सेट अजून खोक्यातल्या पेंढ्यातच आहे. तेव्हा इंकजेट प्रिंटर घेतला तोही न वापरायच्या बोलीवरच. त्याला हिच्या जुन्या साडीचं कव्हर शिवलं. वर्षातून छपाया दोनच : सोसायटीच्या सभेची नोटीस आणि गणपतीतल्या आरत्या. काम झालं की मी भिंतीवरचं बटण खटकन बंद करायचो. वीजही वाचते, मशीनही झिजत नाही!

यंदा आरत्या छापल्या तर प्रत्येक ओळ कमरेत कापलेली. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं झाकण उघडून विचारलं, "काका, शेवटचं कधी छापलं होतं?"

"मागच्या वर्षी, सभेची नोटीस," मी अभिमानानं सांगितलं.

पोराला वर्षभर उपाशी ठेवल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. शाई जिथून उडते ती छिद्रं केसाहून बारीक. काम नसलं की शाई तिथंच सुकते. प्रिंटरवरचं बटण दाबून तो बंद केला तर ही छिद्रं असलेलं हेड कडेला जाऊन रबरी टोपीखाली बसतं. मी घाईनं भिंतीवरूनच वीज तोडायचो, त्यामुळे ते कधी कधी वाटेतच उघडं राहायचं. म्हणजे साडी बाहेरून, आत सगळं उघडंच!

मग हेड धुणं सुरू झालं. धुवायला पाणी नाही, शाईच लागते, आणि ती खालच्या स्पंजात जिरते. वर्षभर थेंब थेंब वाचवलेली शाई दहा मिनिटांत त्या स्पंजानं प्यायली. (मेकॅनिकनं चहाही दोनदा घेतला.)

जाताना तो पथ्य सांगून गेला : आठवड्याला एक रंगीत पान, चारही शाया वापरून. पण दर रविवारी छापायचं काय? शेवटी हिनंच भाजीची चित्रांची यादी दिली. कोथिंबीर हिरवी, वांगी जांभळी, बीट गुलाबी, लिंबं पिवळी. आमचा भाजीवाला यादी हातात न घेता लांबूनच वाचतो.

परवा सेक्रेटरी नोटीस घेऊन आले. सगळा मजकूर काळा, चारच ओळी. प्रिंटरनं लाल दिवा लावला : पिवळी शाई संपली.

"अहो, पण नोटिशीत पिवळं काहीच नाही!"

"नाही हो," मी म्हणालो, "पण गेल्या रविवारी लोणचं घालायचं होतं. लिंबं पन्नास होती."