बप्पाच्या जीपला सरकत्या काचा

"यंदा उन्हाळ्याच्या आत मागच्या दोन्ही काचा काढून सरकत्या बसवायलोय," बप्पा एवढंच म्हणला, आणि चहा येईपर्यंत मोंढ्याच्या कोपऱ्यावरच्या आमच्या कट्ट्यावर चार पक्ष पडले.

आधी गाडी सांगतो. महिंद्राची एमएम ५४०, प्यूजो डिझेल इंजिनची, फोर बाय फोर. वरचं पत्र्याचं हार्डटॉप आधीच्या मालकाच्या काळातलं, आरसीवर नोंद असलेलं. मागच्या बाजूला दोन्हीकडं एकेक लांब काच, रबरात घट्ट बसवलेली, न उघडणारी. पुढच्या दोघांना दारातून वारा लागतो. मागं समोरासमोरच्या बाकड्यांवर बसणाऱ्यांची मात्र भट्टी होते. अंबाजोगाई बालाघाटाच्या माथ्यावर असली म्हणून काय झालं, एप्रिल-मेमध्ये इथंही पारा चाळिशी गाठतो. बप्पाच्या आईचे गुडघे दुखतात, पाय पसरायला लागतात म्हणून ती मागच्याच बाकड्यावर बसते. त्यामुळं हा हौसेचा विषय नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं.

बारक्याला ते पुरेसं वाटलं नाही. "करायचंच तर मोठं करा की! काच आणि खांब यांच्या मधली पत्र्याची पट्टी कापून टाका, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एकच खिडकी. काळी फ्रेम, काळी काच. लई भारी दिसतंय." त्यानं मोबाईल काढून दोन गाड्या दाखवल्यासुद्धा.

मामू तोवर गप्प होते. पत्र्याच्या कामात केस पांढरे झालेला माणूस, उगं बोलत नाहीत. ते म्हणाले, "भाऊ, ती पट्टी शोभेला नाही. छताचा भार तिच्यावर हाय. धारूरच्या घाटात एक चाक खड्ड्यात गेलं की सगळी बॉडी पिळते. पट्टी कापली तर पिळणारा पत्रा काचेवर येतो. मग काच फुटती, नाहीतर कोपऱ्यातून पत्रा चिरतो."

कोपऱ्यावर त्यांचा फार कटाक्ष. खिडकीचं भोक काटकोनात कापलं की सगळा ताण त्या टोकावर येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. म्हणून कोपरा गोलच ठेवायचा. आधी ड्रिलनं कोपऱ्यात भोक पाडायचं, मग बारीक दात्यांच्या जिगसॉनं, म्हणजे विजेच्या करवतीनं, एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत यायचं. ग्राइंडर शक्यतो नकोच, कारण त्याच्या ठिणग्या म्हणजे तापलेला लोखंडी चुरा. तो समोरच्या काचेत रुततो, रंगावर बसतो आणि पहिल्या पावसानंतर तांबडे ठिपके उमटतात. मामूंनी कट्ट्यासमोर उभ्या असलेल्या एका टेम्पोच्या काचेवरून आम्हाला बोट फिरवायला लावलं. खालच्या कोपऱ्यात खरखर लागली. "कुणीतरी शेजारी कटर चालवलं, काच झाकली नाही," ते म्हणाले.

गुरुजींनी कायदा काढला, आणि तो काढायलाच हवा होता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. "आहे त्या भोकात दुसरी काच बसवणं वेगळं आणि बॉडी कापणं वेगळं," गुरुजी म्हणाले. "गाडीला पंधरा वर्षं कधीच होऊन गेलीत. दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला एमएच ४४ च्या, म्हणजे अंबाजोगाई आरटीओच्या दारात उभं राहायचंय तुला. तिथं काय दाखवशील? पत्र्याला हात लावायच्या आधी आरटीओत जाऊन विचार."

काळ्या काचेचा विषयही त्यांनी तिथंच मिटवला. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा, समोरच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के. काचेवर फिल्म लावायला तर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच बंदी घातली होती. बारक्यानं मोबाईल खिशात टाकला, पण "मोठी खिडकी छानच दिसते" हे काही त्यानं सोडलं नाही.

मग काच कुठली? बप्पाच्या मनात अ‍ॅक्रिलिक होतं. काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक ते; हलकं, घरच्या घरी कापता येतं. मी इथं जोरात विरोध केला. आपल्याकडची धूळ ज्यानं बघितलीय, त्यानं सरकत्या खिडकीत अ‍ॅक्रिलिक घालू नये. काच पुढंमागं झाली की चॅनलमधले, म्हणजे ती सरकते त्या खोबणीतले, खडे तिच्यावर रेघा ओढतात आणि एका हंगामात ती धुरकट होते. शिवाय गाडीला सेफ्टी काचच लागते, आयएस २५५३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेली. बाजूला टफन काच चालते. फुटली तरी तिचे धारदार सुळे होत नाहीत, बारीक दाणे होतात. फक्त एक ध्यानात ठेवायचं: टफन काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. सहाशे अंशांच्या वर तापवून झटकन गार केलेली असते ती, कटर लावला की अख्खी काच दाणे होऊन खाली येते. म्हणून माप आधी, काच मागून. मामू तर पुठ्ठ्याचा साचा भोकात बसवून बघितल्याशिवाय काचवाल्याकडं माणूस पाठवत नाहीत. दोन्ही कर्ण मोजतात, कारण हातानं बांधलेल्या हार्डटॉपचं भोक डोळ्याला चौकोनी दिसतं, पण मापात तिरकं निघतं. डावी-उजवी बाजूही सारखी धरत नाहीत.

फ्रेमवर फार वाद झाला नाही. तयार अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम येते. बाहेरून मुख्य चौकट, आतून दुसरी रिंग, मध्ये पत्रा दाबून स्क्रू आवळायचे. बप्पाच्या जीपची बाजू सपाट आहे, त्यामुळं ती नीट बसेल. गोलाईच्या बॉडीला असली सपाट फ्रेम कधीच चिकटून बसत नाही.

खरा वाद पाण्यावरून झाला, आणि माझ्या मते सगळं काम तिथंच आहे. बप्पाचं म्हणणं, चारी बाजूंनी सिलिकॉन भरलं की विषय संपला. मामू उठून उभेच राहिले. "संपला? सुरू झाला म्हणा! सरकती काच हाय, तिच्या चॅनलमध्ये पाणी येणारच. तुम्ही बाहेरून सगळं बुजवलं तर ते पाणी आत बाकड्यावर उतरणार."

खालच्या चॅनलला बाहेरच्या बाजूनं बारीक खाचा असतात, पाणी निघून जायला. चॅनलची आतली भिंत बाहेरच्यापेक्षा उंच असते, ती याच्यासाठीच. फ्रेम बसवताना ती किंचित बाहेर कललेली हवी. आणि आपल्याकडं अडचण काळ्या मातीची. उन्हाळाभर चॅनलमध्ये धूळ साठते, मृगाच्या पहिल्या सरीला तिचा चिखल होतो, तो वाळला की खाचा गच्च बंद. मग पुढच्या पावसात काचेखाली पाण्याची रेघ उभी राहते आणि गाडी वळली की एकदम आत सांडते. जूनच्या आधी जुना टूथब्रश आणि पाणी घेऊन चॅनल धुतलाच पाहिजे. बसवून झाल्यावर मामू तांब्याभर पाणी चॅनलमध्ये ओततात आणि ते बाहेरच्या खाचांतून पडताना बघितल्याशिवाय पैसे घेत नाहीत. मला ही रीत फार आवडते.

सिलिकॉनबद्दलही त्यांचं ऐकण्यासारखं आहे. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते उघड्या पत्र्याला लावायचं नाही. त्यातलं अ‍ॅसिड लोखंड खातं. कापलेली किंवा घासलेली कड आधी कानशीनं साफ करायची, रेडऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग, मारायचा, रंग पूर्ण वाळू द्यायचा. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड थेट एकमेकांना टेकले की ओलीत गंज धरतो, म्हणून मध्ये ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी. ती ऊन-पावसात मऊ राहते आणि उद्या फ्रेम काढायची झाली तर सुटूनही येते.

कुठली काच बाहेर, कुठली आत, यावर गुरुजींनी बरोबर मुद्दा मांडला. पुढची काच बाहेरच्या खोबणीत, मागची आतल्या. घरावर पत्रे ठोकताना वरचा पत्रा खालच्यावर चढवतात तसंच. मग गाडी पळताना पाऊस जोडावरून मागं निघून जातो, फटीत घुसत नाही.

शेवटी गुरुजींनी असा प्रश्न टाकला, की बप्पाही विचारात पडला. "खिडक्या उघडल्यावर मागून धूळ येईल, तिचं काय?" बारक्याला पटेना. वारा खिडकीतून आत येणार, तर धूळ बाहेर जायला पाहिजे!

तसं होत नाही. पळत्या जीपच्या पाठीमागं हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ तिथंच घोळत राहते. फक्त मागच्या खिडक्या उघड्या असल्या की आतली हवा त्यांतून बाहेर ओढली जाते, आणि तिची जागा भरायला मागच्या दाराच्या फटीतून धूळ आत येते. सायलेन्सरचा धूरही. यावर तोंडी वाद नको म्हणून आम्ही दुसऱ्याची तशाच खिडक्यांची जीप घेऊन लोखंडी सावरगावच्या बाजूला एका कच्च्या रस्त्यावर गेलो. मी मागच्या दाराच्या फटीजवळ उदबत्ती धरून बसलो. पुढच्या काचा बंद आणि मागच्या उघड्या असताना धूर सरळ माझ्या तोंडाकडं आला. पुढच्या दोन्ही काचा उघडल्या, मागच्या चार बोटंच ठेवल्या, तसा धूर फटीकडं वळला. बारक्यानं उदबत्ती माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा बघितलं.

त्यामुळं माझं मत ठाम झालं. सरकत्या काचा बसवाव्यात, पण आहे त्याच भोकात, आणि त्याआधी मागच्या दाराचं रबर बदलावं. बप्पाच्या जीपचं ते रबर इतकं कडक झालंय, की नखानं दाबलं तर तुकडा निघतो. आई मागं बसणार असेल तर हे काम पहिलं.

बप्पानं रबराचं मान्य केलं. पुठ्ठा कापायला मामू रविवारी येणार आहेत. आतून डासांची जाळी लावायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही. बप्पाला ती रात्री शेतावर झोपायला हवीय आणि मामू म्हणतात, जाळीत माती अडकून चॅनल दुप्पट लवकर भरेल.