‘डॉक्टरांनी प्लेट विकली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक सोलापूरकर’ यांस,

मोडलेल्या गळपट्टीच्या हाडाला (गळ्याखालून खांद्याकडे जाणाऱ्या हाडाला) धातूची प्लेट बसवण्याच्या शस्त्रक्रियेवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘डॉक्टरांनी प्लेट विकली आणि तुम्ही घेतली. हे हाड झोळीत आपोआप जुळते, आमच्या आजोबांचे जुळले. लोकांना घाबरवू नका. खर्चाचा आकडाही दिलेला नाही.’ लेखाचे शीर्षक थोडे भडक होते, एवढे मी मान्य करतो. परंतु आपले पहिले वाक्य मला लागले आहे.

त्या एका वाक्यात डॉक्टर लबाड आणि रुग्ण बावळट, असे दोन निवाडे आपण माझा एक्स-रे न पाहताच देऊन टाकले. होटगी रोडवर दुचाकी घसरली तेव्हा माझ्या हाडाचे तुकडे दोन सेंटिमीटरहून अधिक एकमेकांवर चढले होते आणि वरचे टोक कातडीला आतून असे टोचत होते की सदऱ्याची शिवणसुद्धा सहन होत नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही मार्ग सांगितले, त्यातही हात गळ्यातल्या झोळीत अडकवून ठेवण्याचा आधी सांगितला, आणि घरी विचार करून या असे बजावले. माल खपवणारा माणूस असे वागतो का, हे आपणच सांगावे.

झोळीत हाड जुळते हे मला शिकवण्याची गरज नव्हती. माझ्या लेखाचा दुसरा परिच्छेद त्यावरच आहे. प्रश्न मधोमध मोडून पूर्ण सरकलेल्या हाडाचा आहे. कॅनडातील अस्थिशल्यचिकित्सकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशाच प्रौढ रुग्णांपैकी झोळीतल्या 49 जणांमध्ये 7 जणांचे हाड जुळले नाही, तर प्लेट बसवलेल्या 62 जणांमध्ये 2 जणांचे. आणि हाड जुळायला झोळीत सरासरी 28 आठवडे लागले, प्लेटने 16. म्हणजे झोळीतही बहुतेकांचे जुळलेच. आपले आजोबा त्या बहुतेकांतले असतील, त्याचा मला आनंदच आहे. माझे थोरले बंधू मात्र उरलेल्यांत निघाले. अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यात टॉवेलचे गठ्ठे खांद्यावर वाहणाऱ्या या माणसाला झोळी सुटून कित्येक महिने लोटले तरी हात वर नेताना हाडाची टोके एकमेकांवर घासलेली जाणवत, आणि अखेर कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन शस्त्रक्रिया करावीच लागली. हे मी घरात पाहिले आहे. आपण काय पाहिले आहे, ते आपल्या प्रतिक्रियेत मला कोठेही सापडले नाही.

राहिला घाबरवण्याचा आरोप. छेदाखालचा छातीचा भाग बधिर राहू शकतो, पिशवीचा पट्टा प्लेटवर घासतो, काहींना ती पुढे काढून टाकावी लागते, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे हाड जुळायला अडचण येते, आणि प्लेट असली तरी हाड जुळेपर्यंत जड उचलायचे नसते, हे सारे मी लिहिले आहे. लेख शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट आपण घेतले असते तर ते दिसले असते. खर्च रुग्णालयागणिक बदलतो, त्यामुळे आकडा मी देणार नाही.

आपल्या घरी कोणाचे हे हाड मोडले आणि टोके जागेवर असली, तर झोळीच घालावी, मीही तेच सांगेन. फक्त पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रे पुन्हा काढून घ्यावा, कारण आरंभी जागेवर दिसलेली टोके नंतर सरकू शकतात, आणि न जुळलेल्या हाडावर उशिरा केलेली शस्त्रक्रिया ताज्या मोडीवरील शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते.