कासवाचं घर वाळूत नसतं

फेब्रुवारी-मार्च आला की माझ्या फीडवर कोकणातल्या वेळास-आंजर्ल्याची कासवाची पिल्लं येऊ लागतात. इवलीशी, वाळूवरून लाटेकडे निघालेली. मलाही भरून येतं. पण अंदमानात नील बेटाजवळ पाण्याखाली एक हॉक्सबिल कासव पाहिलं तेव्हापासून वाटतंय, की आपलं कासवप्रेम ओल्या वाळूशीच थांबतं.

वेळासची कासवं ऑलिव्ह रिडले. हॉक्सबिल वेगळं. ससाण्यासारखी चोच आणि पाठीवर कौलारू छपरासारखे एकावर एक चढलेले खवले. त्याची मादी दोन-चार वर्षांनी एकदा अंडी घालायला काही रात्री किनाऱ्यावर येते. नर तर सहसा परत येतच नाही. पिल्लं आधी काही वर्षं खुल्या समुद्रात वाहत्या शेवाळाच्या आसऱ्याने राहतात आणि जरा मोठी झाली की प्रवाळ या इवल्या समुद्री जिवांनी उभारलेल्या खडकांपाशी येतात. पुढचं सगळं आयुष्य तिथेच. खाणं तिथे, रात्री कपारीत झोपणं तिथे.

आणि खातं काय, तर स्पंज, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा एक साधा समुद्री प्राणी! स्पंजाच्या अंगात काचेसारख्या सिलिकाच्या सुया असतात, कित्येकांत विषही असतं. १९८८ साली संशोधक ॲन मेलन यांनी कॅरिबियनमधल्या हॉक्सबिलांच्या पोटातलं अन्न तपासलं, तर ते जवळपास सगळं स्पंजच निघालं. (सगळीकडे असं नाही. हिंदी-प्रशांत पट्ट्यात काही ठिकाणी ती शेवाळही भरपूर खातात.) स्पंजातलं विष कासवाच्या मांसात उतरत असावं; ते मांस खाऊन माणसं दगावली आहेत.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. खडकावर जागा थोडी असते आणि तिच्यासाठी स्पंज आणि प्रवाळ यांची कायम चढाओढ चालते. कॅरिबियनमध्ये कोंड्रिला नावाचा स्पंज जिवंत प्रवाळावर पसरून त्याला गुदमरवतो. हॉक्सबिल नेमका तोही आवडीने खातं, म्हणजे प्रवाळाला जागा मोकळी होते. चोचीने वरची चिवट साल फाडली की आतला मऊ भाग मासेही टिपतात.

हे काम करणारी किती कासवं आपण मारली? १८४४ ते १९९२ या काळात कवचाच्या व्यापारासाठी सुमारे ९० लाख, असा संशोधकांचा अंदाज आहे. कंगवे, चष्म्याच्या फ्रेमा, दागिने यांसाठी! १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली, तरी जपानची आयात १९९२ च्या अखेरपर्यंत चालू होती. आज ही जात अतिसंकटग्रस्त आहे.

भारतात तिला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर ती अंडी घालते. पण तिच्या घराचं काय? २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले; असे प्रवाळ सावरले नाहीत तर मरतात. घरटी राखणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही माझं म्हणणं हेच, की प्रत्येक अंडं वाचवलं आणि खडक गेला, तर त्या पिल्लाला मोठं झाल्यावर जायला जागाच उरत नाही. कासव महोत्सवांत निदान एक तास तरी प्रवाळावर बोललं गेलं पाहिजे.

मी पाहिलेलं कासव डोकं कपारीत खुपसून काहीतरी ओढत होतं. भोवती पाच-सहा छोटे मासे घुटमळत होते. दोनदा ते श्वास घ्यायला वर आलं, आणि दोन्ही वेळा त्याच कपारीशी परत गेलं.