चाफा द्या, पण कुठला?

परवा सासूबाई म्हणाल्या येताना चाफ्याचं रोप आण. घोडबंदर रोडच्या एका नर्सरीत गेले, म्हटलं चाफा द्या, त्याने दिला, मी रिक्षात मांडीवर धरून घरी आणला आणि दारातच, "अगं हा काय आणलास, हा खुरचाफा!" त्यांना सोनचाफा हवा होता. माहेर वसईचं ना, त्यांच्याकडे चाफा म्हटलं की तोच, बाकीच्यांना आडनाव लावावं लागतं. (ती जाड काठी बघून मलाही कळायला हवं होतं खरं, पण असो.)

आता नर्सरीवाला खोटं बोलला का? नाही ना! चाफाच दिला त्याने. गंमत म्हणजे हे सगळे चाफे एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. सोनचाफा मॅग्नोलियाच्या घरातला, खुरचाफा मेक्सिकोकडून आलेला आणि कण्हेरीचा भाऊबंद, फांदी मोडली की पांढरा चीक. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, आणि भुईचाफा चक्क हळदीच्या. वास छान आला की म्हणा चाफा, एवढाच काय तो हिशोब. मला तो आवडतो सुद्धा, फक्त पैसे देऊन रोप घ्यायचं असतं तेव्हा तो उपयोगाचा नाही.

म्हणून माझं म्हणणं, कुंडीवर शास्त्रीय नावाची चिठ्ठी लावा. लगेच लोक म्हणतात लॅटिन कोण वाचणार. अहो, शास्त्रीय नावांची ही पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये सोनचाफ्याला नाव दिलं त्यात आपला चंपकच आहे, मिशेलिया चंपाका! पुढे त्याचं मॅग्नोलिया चंपाका केलं, म्हणजे ती नावं पण बदलतात हे मान्य. सदाफुलीचं विन्का जाऊन कॅथरँथस झालं तरी नर्सरीत अजून विन्काच चालू आहे. पण निदान एका वेळी एका झाडाचं एक नाव तरी असतं.

मोबाईलचं अ‍ॅप आहे की, असं कोणी म्हणू नका. सोसायटीच्या ग्रुपवर एकीने डबल तगरीचा फोटो टाकून अनंत म्हणून मिरवलं, अ‍ॅप म्हणालं क्रेप जास्मिन (तगरीचंच इंग्रजी नाव), मग तिसरी म्हणाली म्हणजे मोगराच की. सकाळभर तेच! पान तोडून बघा ना सरळ, चीक आला तर तगर, अनंताला चीक नसतो, आणि नुसता वास घेतला तरी कळतं. कण्हेरीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका, लाल कण्हेर वेगळी आणि पिवळी म्हणजे बिट्टी वेगळी, पण दोन्ही विषारी, आणि ग्रुपवर अमक्या झाडाचा काढा प्या म्हणून जे फॉरवर्ड येतात त्यात असं नुसतं बोलीतलं नाव असतं, झाड नेमकं कुठलं ते कळत नाही.

असो. सोनचाफ्याचं कलम आणलंय, गॅलरीत आहे, दोन कळ्या आल्यात. खुरचाफा गेटपाशी लावून टाकला. आमचे वॉचमनकाका यूपीचे, रोज पाणी घालतात त्याला, म्हणतात मॅडम आपका गुलचीन अच्छा लग गया.