दाजींचं आगळ आणि वयाचा दाखला

"दाजीनू, नातवंडांका खेळवचा सोडून ह्या काय नवीन काढल्यात?" भरडावरच्या कट्ट्यावर पक्यानं सुरुवातच अशी केली.

दाजी चोपन्नचे. मुंबईतल्या कंपनीत स्टोअर सांभाळून गावी आले, आणि आता कोकमाचं युनिट टाकायचं म्हणतायत. पक्याचं म्हणणं, धंदा पंचविशीतच. तेव्हा गमवायला काही नसतं.

"तुझ्या बोटीचो हप्तो कोण भरता?" दाजींनी विचारलं.

पक्या गप्प. तारकर्लीला तो पर्यटकांना स्कुबाला नेतो. पावसाळ्यात समुद्र बंद, हप्ता चालू. वडिलांचा जामीन आहे म्हणून बोट तरी आली. गमवायला काही नसलेल्याला बँक दारात उभं करत नाही, हे पक्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

मास्तरांनी लगेच अमेरिकेतला अभ्यास काढला. २००७ ते २०१४ या काळात तिथे कंपन्या काढणाऱ्या २७ लाख लोकांची वयं तपासली. सरासरी निघाली ४२च्या आसपास, आणि सगळ्यात वेगानं वाढलेल्या हजारातल्या एका कंपनीच्या संस्थापकांची ४५. दाजी खूश. पण मास्तर पुढे म्हणाले, त्याच धंद्यात किमान तीन वर्षं काढलेल्यांना मोठं यश मिळण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दुप्पट दिसली. "तुम्ही कोकमात किती काढलीत?"

"मग नायकावाल्या फाल्गुनी नायर?" आता पक्याच दाजींच्या बाजूला. त्या गुंतवणूक बँकिंगमधल्या, सौंदर्यप्रसाधनांतल्या नव्हेत, आणि २०१२ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर सौंदर्यप्रसाधनं विकणारी नायका ही कंपनी काढली. मुद्दा बिनतोड होता. पण भांडवल कसं उभं राहतं हे ज्यांनी आयुष्यभर पाहिलं, त्यांची आणि स्टोअरच्या रजिस्टरची बरोबरी करणं मला तरी जड जातं. मास्तरांनी किर्लोस्कर आणले (तेही मुंबईत शिकवत असत, हे सांगायला विसरले नाहीत). लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं १८८८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी. किर्लोस्करवाडी वसली १९१० मध्ये, चाळिशी उलटल्यावर. मधल्या काळात लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. आता यातलं सुरुवातीचं वय कुठलं धरायचं?

खरी गोची वयात नव्हतीच, ती कोकमात होती. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि वर्षभराचा माल त्या चार-सहा आठवड्यांत रोख देऊन उचलावा लागतो. आगळ म्हणजे रस आणि मीठ, पण मीठ कमी पडलं की ते फसफसतं. आमसुलं करायची तर सालं रसात बुडवा, उन्हात घाला, परत बुडवा, परत घाला. त्यात वळवाचा पाऊस आला की सगळं बुरशीला. पैसा मेमध्ये अडकतो आणि दुकानदाराकडून सुटता सुटता गणपती उजाडतात. दाजींनी मशीनचं कोटेशन आणलं होतं, रतांब्यांच्या खरेदीचा आकडा कागदावर नव्हताच.

"मीठ किती घालतात?" मास्तरांनी विचारलं.

"ता हिका म्हायत," दाजी म्हणाले.

म्हणजे वहिनींना. दाजी मुंबईत असताना गावच्या घरी दर उन्हाळ्यात आगळ घालणाऱ्या वहिनी. अर्ध्या वाडीची सोलकढी त्यांच्या बाटल्यांवर चालते. अनुभव कोणाला आहे यावर तासभर वाद घालणाऱ्या आम्हा चौघांना त्यांचं नाव सुचलं नव्हतं.

त्यावर हिशेब मांडला पक्यानंच, मोबाइलवर. पीएमईजीपीत, म्हणजे नवा छोटा उद्योग काढायला कर्जावर अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, वय अठरा पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही, त्यामुळे 'आता उशीर झाला' हे रडगाणं तिथे चालत नाही. पण नवरा-बायकोपैकी एकालाच लाभ. ग्रामीण भागात दहा लाखांचा प्रकल्प धरला, तर सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला अनुदान २५ टक्के आणि स्वतःचे एक लाख. तोच अर्ज बाईचा असेल तर अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचे पन्नास हजार. अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, हेही त्यानं बजावलं.

दाजींनी तिथूनच घरी फोन लावला. स्पीकरवर वहिनींचा आवाज आला: "सही करतंय. पण बाटलेक माका किती सुटतले, ता आधी लिवन दिया."

"लिवन देतंय," दाजी म्हणाले, आणि मास्तरांकडे पेन मागितलं.