रात्रीची गोळी दुपारी चार वाजता

झोपेची गोळी दुपारी चारला घ्या, असं कुठलाही डॉक्टर सांगणार नाही. तुरुंगात मात्र ती चारला दिली जाते, कारण नंतर कोठड्या बंद होतात आणि रात्री औषध द्यायला कुणी नसतं. माणूस सहाला गाढ झोपतो आणि रात्री दोनला टक्क जागा होतो. मग ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणतो आणि डोस वाढतो. तुरुंगात फार्मासिस्ट म्हणून काम करताना हे इतक्यांदा पाहिलंय की प्रिस्क्रिप्शन हातात आलं की मी आधी घड्याळ बघते.

‘कैद्यांना कसली एवढी औषधं?’ हे घरीदारी ऐकते आणि दर वेळी राग येतो. शिक्षेत स्वातंत्र्य जातं, इन्सुलिन कसं जाईल? संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंजूर केलेल्या, कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या मंडेला नियमांत २४वा नियम आहे, बाहेर मिळतात त्याच दर्जाचे उपचार आत मिळायला हवेत. २७व्यात तर उपचाराचा निर्णय आरोग्य कर्मचाऱ्यांचाच, इतरांनी तो फिरवायचा नाही, असं स्वच्छ लिहिलंय.

औषधांच्या गैरवापराचा धोका खरा आहे, तो मी नाकारत नाही. नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन, वेदनाशामक ट्रॅमाडॉल, मानसिक आजारांवरचं क्वेटायापीन या गोळ्या आत पैशासारख्या फिरतात. प्रीगॅबालिन अफूच्या जातीच्या औषधांबरोबर गेलं तर श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जातो.

एकदा खिडकीपाशी एका पोराने पाणी प्यायलं, तोंड उघडलं, जीभ वर केली. सगळं ठीक. वळताना मात्र गाल किंचित फुगलेला दिसला. कॅप्सूल हिरडी आणि गालाच्या मधे होती. त्याला बाजूला घेतलं तर रडायलाच लागला. कोठडीतला एक जण रोज ती मागत होता, नाही दिली की मारत होता. म्हणजे नसांच्या ज्या दुखण्यासाठी ते औषध होतं, ते दुखणं तो तसंच काढत होता. आणि आमच्याकडे निर्णय काय झाला? औषध बंद! एका फटक्यात, हळूहळू कमी न करता. त्याची कोठडी बदलायला हवी होती, हे मी तेव्हा पुरेसं ठासून बोलले नाही. आज बोलते.

‘नाही’ लिहिणं सोपं असतं, म्हणून ते सुरक्षित वाटतं. फिट्सचा एक रुग्ण संध्याकाळी आत आला, कागद नव्हते. ‘कागद आल्यावर बघू’ असं ठरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला झटके आले, डोकं फरशीवर आपटलं. त्याच्या दवाखान्यात एक फोन केला असता तर औषध पहिल्याच रात्री सुरू झालं असतं.

सुटकेचा दिवस तर त्याहून नाजूक. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा २००७ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर लोकांच्या जवळपास १३ पट होता, आणि सर्वांत मोठं कारण नशेच्या पदार्थांचा ओव्हरडोस. आत राहून शरीराची नशेची सवय मोडलेली असते, माणूस मात्र जुनाच डोस घेतो. अफूच्या जातीच्या व्यसनावरचे मेथाडोनसारखे उपचार आत चालू ठेवा आणि सुटताना हातात अशा ओव्हरडोसवरचा उतारा, नॅलोक्सोन द्या, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

परवा एक जण सुटला. पिशवीत आठवडाभराच्या गोळ्या आणि बाहेरच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मी स्वतः ठेवली. दारापर्यंत जाऊन परत आला आणि विचारलं, “ताई, रात्रीची गोळी आता रात्रीच घेऊ ना?”